आईचं माळवद

मुजावर मिस्त्री टेप घेऊन माळवदाच्या एका कडेला उभे होते. दुसऱ्या कडेला टेपचं टोक धरून मी बसले होते. आमच्या दोघांच्या मधोमध आई पांढऱ्या मातीची पाटी घेऊन उकिडवी बसली आणि हातानं भेगा लिंपायला लागली.

"आई, जरा बाजूला हो ना."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"कशाचं माप?"

"स्लॅबचं. तूच निरोप पाठवलास ना मिस्त्रींना?"

"पाठिवला आसंल," आई मातीवरची नजर न काढता म्हणाली. "आता नगं म्हणतीया."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. तिनं ओल्या हातानं माती दाबली, तळव्यानं सारवल्यासारखी पसरली आणि पुढच्या भेगेकडे सरकली. मिस्त्रींनी शांतपणे टेप गुंडाळून खिशात टाकला. हेलपाटा पडायची ही त्यांची पहिलीच वेळ नव्हती.

"शिस्टर," जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "आधी घरात काय ते ठरवा. मला बोलवायला काय, मी येतोच."

मी बार्शीला एका दवाखान्यात नर्स होते, म्हणून सगळी सोनारवाडी मला शिस्टर म्हणायची. नावानं हाक मारणारी आता एक आईच उरली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकुलती एक. आई गावातल्या घरात एकटी राहायची आणि बार्शीला चल म्हटलं की म्हणायची, "तुज्या खोल्यास्नी खिडक्या हायेत, आन् त्या खिडक्यास्नी दुसऱ्याच्या खिडक्या हायेत. मी न्हाई येत."

घर म्हणजे तीन खोल्या. दगडमातीच्या जाड भिंती, भिंतीतच बांधलेला अरुंद दगडी जिना, आणि वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर जाडीचा मातीचा थर, की झालं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी वर पांढरी माती घालायची. दरवर्षी घालायची म्हणजे दरवर्षी वजन वाढायचं. आमच्या गल्लीतली सहाही घरं एकाला एक चिकटून होती आणि त्यांची माळवदंही सलग होती. लहानपणी आम्ही पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचो आणि खालून बायका ओरडायच्या, "माती पडतीया रं डाळीत!"

भूकंप झाला त्या वर्षी आमच्या दवाखान्यात जी माणसं आणली होती, त्यांच्या नाकातोंडातली माती मी माझ्या हातांनी काढली होती. ती माळवदांची माती होती. तेव्हापासून आईकडे मुक्कामाला गेले की त्या तुळयांखाली मला झोप लागायची नाही. वरून चिमूटभर धूळ पडली तरी मी उठून बसायची. एक तुळई तर वाळवीनं अर्धी पोखरली होती. स्लॅब टाकायचा हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आमच्या ह्यांचीही काही हरकत नव्हती. हरकत होती ती आईचीच, आणि तीही रोज नव्हती.

तीच तर गंमत होती. सरळ नाही म्हणाली असती तर मी भांडले असते. आधी म्हणाली, स्लॅब उन्हाळ्यात तापतो. मी पंखा बसवून देते म्हटलं, तर म्हणाली, "मग टाक." सामान आणायची वेळ आली तर म्हणाली, "फुडल्या साली बगू." मग एकदा म्हणाली, पुढच्या खोलीवर स्लॅब टाक, माजघरावरचं माळवद राहू दे. मिस्त्री म्हणाले, अर्धं घर स्लॅबचं आणि अर्धं मातीचं केलं तर जोडावर पाणी गळणार. त्यावर आई म्हणाली, "गळू द्या. पाणी काय मारतंय व्हय मला?"

त्याच सुमारास तिचं आणखीही काही काही मला कळेनासं झालं होतं. एकदा म्हणाली, "येताना भाजल्यावरचं मलम आण."

"कुणाला भाजलं?"

"कुणाला न्हाई. आसावं घरात."

मी आणून दिलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी विचारलं, "मागचं कुठं गेलं?"

"मांजरीनं सांडलं."

"आई, ती ट्यूब होती. ट्यूब कशी सांडेल?"

आई चुलीत फुंकर मारत बसली.

एका दुपारी तिनं मला उगाचच बाजाराला पिटाळलं. मी लवकर परतले तर चुलीपाशी दोन ताटल्या, दोन्ही उष्ट्या. कोण जेवून गेलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मीच दोनदा जेवले." आणि हे सांगताना माझ्याकडे असं रोखून बघितलं, की पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आमच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, वय झालं की होतं असं, सकाळचं बोललेलं संध्याकाळी लक्षात राहत नाही, सांभाळून घ्या. मग मी सहज विचारल्यासारखं करून तिला विचारायची, आई, आज वार कोणता? आई, माझ्या पोरीचं नाव काय?

"सोमवार," आई म्हणाली. "आन् कालपासनं सारकी इचारतीयास. तुला काय हुतंय, कले? बरं न्हाई का?"

या सगळ्या गोंधळात मला आधार होता तो शेजारच्या अंकुशचा. आमच्या आणि त्याच्या घरात एकच भिंत. आम्ही बरोबरीचे, एका शाळेत गेलेले. मला भाऊ नाही म्हणून मी त्याला पहिल्यापासून राखी बांधायची, आणि तोही दरवर्षी बार्शीला येऊन बांधून घ्यायचा. गावात त्याला मान होता. आवाज कधी चढायचा नाही, पान नाही, तंबाखू नाही. स्वतःचा ट्रॅक्टर होता. स्लॅबचं निघाल्यावर वाळू आणायचं त्यानं आपणहून अंगावर घेतलं, पाण्यासाठी बोअरचा पाइप सोडतो म्हणाला.

"ताई, तुम्ही बार्शीला निवांत राहा," तो म्हणायचा. "काकू माझी कुणी नाही का? हे माळवद लवकर उतरवलं पाहिजे. कधी काय होईल, सांगता येत नाही."

आणि आई? आई त्याला चहासुद्धा विचारायची नाही. तो दारात आला की उठून आत जायची. मला लाज वाटायची. एकदा मी तिला त्यावरून बोलले, तर म्हणाली, "तुजा भाऊ हाय न्हवं? मग तूच पाज की चा."

त्याची बायको सोजर. लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मूलबाळ नव्हतं. मला वन्सं म्हणायची, पण मान वर करून बोलायची नाही. मी गेले की दारातून हसल्यासारखं करायची आणि आत वळायची. लाजरी आहे, असं मी धरून चालले होते. बऱ्याचदा तर त्यांच्या दाराला कुलूपच असायचं. दोघं शेतात गेले असतील, असं मी समजायची. गल्लीही तसंच समजायची.

त्या चैत्रात मी गेले, तर आई दारातच उभी.

"मिस्त्रीला बोलीव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. माळवद पाडायला घे."

मी पिशवीही खाली ठेवली नव्हती. "काय झालं?"

"काय व्हायचंय? तुला पायजे न्हवं स्लॅब? मग घे की. पंदरा दिसात हुईल का?"

"पंधरा दिवसांत कसं होईल? आधी पाडायचं, मग कॉलम, भिंती वाढवायच्या…"

"मग महिन्यात कर. पर आज लाव माणसं."

महिनोन् महिने नाही म्हणणाऱ्या बाईला एकाएकी इतकी घाई का, हे मला काही समजेना. पण पुन्हा तिचं मन फिरायच्या आत काम सुरू करावं, असा विचार करून मी रजा टाकली. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी मजूर आणले. सामान परसातल्या लिंबाखाली काढलं. आईनं तिथंच चूल मांडली आणि मिस्त्रींना एकच गोष्ट बजावली, "पुढनं पाडत या. जिन्याकडची बाजू शेवटाला."

"का हो?"

"मी सांगते म्हणून."

पुढच्या खोलीवरची माती उतरायला लागली. किती वर्षांची माती ती, पाट्यांवर पाट्या निघत होत्या तरी संपेना. आई मात्र खुशीत होती. मजुरांना दोनदा चहा करून दिला. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी अंकुशचा ट्रॅक्टर गल्लीत आला. मागं वाळू होती आणि वाळूवर सोजर बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. ती माहेरी गेली होती हे मला तेव्हा कळलं. भावाचं लग्न होतं म्हणे, महिनाभर राहणार होती. अंकुश जाऊन लवकरच घेऊन आला होता.

मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातली कळशी तशीच तिरकी झाली होती आणि पाणी पायावर सांडत होतं.

"काम थांबीव," ती मला म्हणाली.

"काय?"

"थांबीव म्हणलं ना. मला न्हाई पाडायचं."

आता मात्र माझा तोल गेला. "आई, अर्धं घर उघडं पडलंय! आता कसं थांबवू? तुला झालंय तरी काय?"

आई लिंबाखाली जाऊन चुलीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की काय, मला कळलं नाही. आयुष्यात मी तिला फार थोड्या वेळा रडताना पाहिलं होतं. जवळ जावं असं वाटलं, पण मी चिडलेही होते. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, मंदिरात चल. आम्ही जाऊन येईपर्यंत ऊन वर आलं होतं. परतलो तर मजूर पुढच्या खोलीवर नव्हतेच. ते जिन्यावरच्या बाजूला होते. अंकुशनं आपली आणखी आठ-दहा माणसं कामाला लावली होती आणि स्वतः पहार घेऊन वर उभा होता. जिन्याचं तोंड मातीनं आणि दगडांनी बुजलं होतं, आणि माजघरावरच्या फळ्या काढून झाल्या होत्या. नुसत्या तुळया राहिल्या होत्या.

"अंकुश! अरे, ही बाजू शेवटी ठेवायची होती."

तो खाली उतरून आला, हात झटकत, घामेजलेला. "ताई, काकूचं किती मनावर घ्यायचं? उद्या पुन्हा नाही म्हणतील. म्हटलं, अवघड बाजू आधी उरकून टाकू. आता मागं वळायचा प्रश्नच नाही."

मला पटलं. मी त्याला चक्क धन्यवाद दिले. आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं त्या बुजलेल्या जिन्याकडे पाहिलं, अंकुशकडे पाहिलं आणि परसात निघून गेली.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. अंकुश शेताकडे गेला होता. जाताना त्यानं दाराला कुलूप लावलेलं मी पाहिलं होतं. मजूर भाकरी खायला ओढ्याकडे गेले होते. मी माजघरात भांडी आवरत होते. वर छत नव्हतं. तुळयांच्या मधून ऊन सरळ अंगावर येत होतं, आणि लहानपणापासून अंधारी पाहिलेली ती खोली एकदम परक्या माणसाच्या घरासारखी दिसत होती.

तेवढ्यात माझ्या अंगावर सावली पडली.

मी वर पाहिलं. अंकुशच्या माळवदाच्या कडेला सोजर उभी होती. पाय अनवाणी, डोक्यावर पदर नाही. एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटाखाली धरलेला. ती खाली वाकून रोजच्यासारखं पाऊल टाकायला गेली आणि थबकली. पुढं जमीन नव्हतीच. तुळया होत्या आणि खाली मी.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिनं मला पाहिलं. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली, ती मी आजवर विसरलेले नाही. पेशंट डॉक्टरला घाबरतात, सुईला घाबरतात. माझ्याकडे बघून असं कुणी घाबरलं नव्हतं.

"सोजर? तू वर काय करतेयस?"

ती मागं सरकली. परत जायला वळली. तेवढ्यात आई परसातून धावत आली. साठीची बाई, पण मिस्त्रींची लाकडी शिडी एकटीनं ओढत आणली.

"थांब गं बाई, जाऊ नगंस," ती वर बघून म्हणाली. आणि मला, "कले, शिडी धर."

"पण आई, हे काय…"

"आदी शिडी धर."

मी शिडी धरली. सोजर उतरली. एका हातानं उतरली, दुसरा तिला टेकवता येत नव्हता. खाली आल्यावर मी तो हात उजेडात धरला. भाजलं होतं. कोपरापर्यंत. काही डाग ताजे होते, आणि त्यांच्याखाली जुने, पांढरे पडलेले. मी नर्स होते. स्वयंपाक करताना भाजलेलं कसं दिसतं ते मला माहीत होतं. हे तसं नव्हतं.

आईनं तिला भांड्यांच्या मधे, भिंतीला टेकवून बसवलं. पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून, रोजच्या बोलण्यासारखं बोलली.

"भाईरनं कुलूप घालून जातुया त्यो. दिसभर. ही आत. खायाला काय ठेवत न्हाई कवा कवा. वरनं येती माज्याकडं, दोन घास खाती, त्यो यायच्या आदी माघारी जाती. तीन वर्सं झाली."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"एकदा सांगितलं हुतं म्या. हिच्या बापाला. त्यो आला, जावयाबरुबर जेवला, आन् गेला. त्येच्यानंतर आठ दिस ही वर आली न्हाई. आली तवा चालता येत नव्हतं." आई थांबली. "मग मी कुणाला सांगायचं सोडलं."

"मी कुणी परकी आहे का, आई?"

"तू राखी बांधतीस त्येला," आई म्हणाली.

सोजर मान खाली घालून म्हणाली, "वन्सं, त्यांना सांगू नका. मी जाते माघारी. शिडी लावा फक्त."

आणि तेव्हाच दारात आवाज आला. "ताई?"

आईनं सोजरच्या अंगावर गोधडी टाकली, जणू ती सामानातलंच एक गाठोडं. मी दाराशी गेले. खरं सांगायचं तर डोकं अजून ताळ्यावर नव्हतं. समोर उभा असलेला माणूस अंकुश होता. माझा अंकुश. तसाच शांत चेहरा, तसंच हसू.

"ताई, आमची इकडं आली का?"

"सोजर? ती शेतात नाही का तुझ्याबरोबर?"

"नाही, घरीच होती. आत्ता भाकरीला आलो, तर घरात नाही."

पुढचं मी काही ठरवून बोलले नाही. मला खरोखरच प्रश्न पडला होता. "पण तुझ्या दाराला कुलूप होतं ना? मी पाहिलंय. मग ती बाहेर कशी पडेल?"

अंकुशची नजर वर गेली. माझ्या डोक्यावरून, आमच्या उघड्या तुळयांकडे. एक क्षणभरच. आणि त्या एका क्षणात वाळू, पाइप, पहार, सकाळचा तो बुजवलेला जिना, सगळं माझ्या समोर सरळ येऊन उभं राहिलं. स्वतःच्या जिन्याला त्यानं कुलूप घातलं असतं, तर गल्लीनं कारण विचारलं असतं. शेजारणीच्या स्लॅबला मदत केली, तर गल्लीनं कौतुक केलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"ताई," तो तेवढ्याच हळू म्हणाला, "घरातली गोष्ट आहे. तुम्ही मधे येऊ नका."

मागून मजुरांचे आवाज आले. मुजावर मिस्त्री तोंड पुसत परसातून आले आणि मला विचारलं, "शिस्टर, मधली तुळई आज उतरवायची का उद्या?" त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मागं तीन-चार माणसं उभी होती. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी डाळ निवडत होती, ती वर बघायला लागली. अंकुशच्या चेहऱ्यावर पुन्हा ते हसू आलं. माणसं आली, की त्याला ते आणावंच लागायचं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. आणि त्याच बळावर मी बोलले. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलते त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सोजरचा हात भाजलाय, अंकुश. बराच भाजलाय. मी तिला दवाखान्यात घेऊन चाललेय. दोनच्या एसटीनं."

"अरेरे," मिस्त्री म्हणाले. "कसं काय?"

"मी नेतो की ट्रॅक्टरवर," अंकुश म्हणाला.

"धुळीत नको. जखम चिघळेल."

आईनं गोधडी बाजूला केली, सोजरला हाताला धरून उठवलं आणि आपल्या पेटीतलं एक धुवट लुगडं तिच्या अंगावर पांघरलं. आम्ही तिघी गल्लीतून निघालो. अंकुश मागून चालत होता. वाटेत भेटणाऱ्यांना तोच सांगत होता, "हात भाजला हिचा. ताई नेतात दवाखान्यात." स्टँडवर त्यानं गाडीची पाटी वाचून दिली. खिडकीशी येऊन म्हणाला, "लवकर पाठवा, ताई." गाडी सुटेपर्यंत तिथंच उभा राहिला. सोजर माझ्या शेजारी बसून रस्ताभर समोरच्या सीटचा दांडा धरून होती, चांगल्या हातानं.

मी तिला पाठवली नाही. ती आमच्याकडे राहिली. पोलिसात जायला तयार नव्हती, किती समजावलं तरी नाही. आणि मला न उमगणारी गोष्ट म्हणजे, संध्याकाळ झाली की विचारायची, "वन्सं, ते जेवले असतील का?" मी चिडायची. आता चिडत नाही, पण मला ते अजूनही कळलेलं नाही. पुढं सोलापूरला मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. अजून तिथंच आहे. तिच्या हाताखाली चार बायका आहेत आणि त्या तिला घाबरतात, असं ऐकते.

इकडं घर उघडंच होतं. वाळूचा ट्रॅक्टर अर्थातच पुन्हा आला नाही. मिस्त्रींनी दुसरीकडून वाळू आणवली आणि म्हणाले, आता भिंती तीन फूट उचलू, वारा खेळेल, वर चारी बाजूंनी कठडा घालू. सगळे असंच करतात.

"न्हाई," आई म्हणाली. "हाय तेवढ्याच उंचीला टाका."

"आजी, कमी उंचीचा स्लॅब तापतो. झोप लागायची नाही."

"न लागू दे. आन् कठडा तीन बाजूनं घाला. अंकुशच्या बाजूला नगं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला आईचं सगळं समजलं होतं, किंवा मला तसं वाटलं. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आई, सोजर गेली. ती आता परत यायची नाही. आता कशासाठी?"

"सोजर गेली," आई म्हणाली. "अंकुश हाय न्हवं?"

स्लॅब तसाच पडला. ठेंगणा, एका बाजूनं उघडा. उन्हाळ्यात खरोखरच तापायचा. येणारेजाणारे विचारायचे, हे असं अर्धवट का ठेवलं? आई सांगायची, सिमेंट संपलं.

अंकुशनं दोन वर्षांत दुसरं लग्न केलं. तिचं नाव मंगल. सोजरसारखी दबलेली नव्हती. उंच, मोठ्या आवाजाची, रस्त्यातनं जाणाऱ्याला हाक मारून बोलणारी. अंकुश तिच्यापुढं लहान दिसायचा. आई रोज दुपारी गच्चीवर जाऊन बसायची. काही वाळत घातलेलं नसलं तरी बसायची. पलीकडं मंगल दिसली की विचारायची, "काय पायजे का गं?" ती म्हणायची, "काय नको, आत्या." असं कितीतरी वर्षं चाललं. ती कधी अलीकडं आली नाही. सुखात होती म्हणून आली नाही, की तिला कळलंच नाही की येता येतं, आईला ते शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही नाही.

आई गेली त्या वर्षी, घर आवरायला म्हणून मी चार दिवस जाऊन राहिले होते. एका दुपारी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होते. पलीकडं मंगल मिरच्या पसरत होती. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. मग तीच म्हणाली,

"वन्सं, एक विचारू? तुमची गच्ची आमच्या बरोबरीला का ठेवली हो? आणि या बाजूला कठडा का नाही?"

सिमेंट संपलं, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण ते माझ्याच्यानं सांगवेना.

"आईनं ठेवायला लावली," मी म्हणाले.

मंगल मिरच्या पसरत राहिली. मूठभर मिरच्या बाजूला सारल्या, पुन्हा जागेवर आणल्या.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

तिला काय वाटलं होतं, किती वर्षांपासून वाटलं होतं, तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा का नव्हता, यातलं मला काहीच विचारता आलं नाही. मी तिच्या हातांकडे पाहायला लागले, तर तिनं ते पदराखाली घेतले. ऊन होतं म्हणून घेतले असतील. ती उठली, रिकामं सूप काखेत मारलं आणि आपल्या जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर थांबून तिनं मागं पाहिलं.

"तुमच्या जिन्याच्या दाराला कडी कुठनं आहे हो? आतनं का बाहेरनं?"

"आतून," मी म्हणाले. "पण आम्ही ती लावत नाही."